खो-खोतील खेळाडू-ड्राफ्ट आणि वरच्या क्रमाचे मूल्य : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या खो-खोत धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचे स्थान त्याच्या लोकसंख्येच्या वा साधनसंपत्तीच्या प्रमाणात मोजता येणारे नाही. डॉ. चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या सारिका काळे यांनी २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले व २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला. खो-खोसाठी हा पुरस्कार २२ वर्षांच्या खंडानंतर दिला गेला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात अजिंक्य ठरलेल्या महिला संघातही या जिल्ह्याच्या अश्विनी शिंदे होत्या. अवर्षणप्रवण प्रदेशातील शालेय मैदानांवर वाढलेल्या या खेळात व्यावसायिक लीगचा प्रवेश झाला आणि त्याबरोबर 'ड्राफ्ट' हा शब्दही आला. त्या शब्दामागील व्यवहाराचे स्वरूप क्रीडाशिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे. लिलावात खेळाडूची किंमत बोलीने ठरते, तर ड्राफ्टमध्ये ती आधीच निश्चित असते व संघ आपापल्या पाळीनुसार खेळाडू निवडतात. अमेरिकेतील फुटबॉल लीगने १९३६ मध्ये ही पद्धत सुरू केली व पुढे उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगनेही १९६३ पासून ती स्वीकारली. २०२२ मध्ये 'अल्टिमेट खो खो' या लीगने सहा संघांसाठी हाच मार्ग पत्करला. खेळाडूंचे चार वर्ग करण्यात आले. 'अ' वर्गास ५ लाख, 'ब' वर्गास ३ लाख, 'क' वर्गास दीड लाख व 'ड' वर्गास १ लाख रुपये असे मानधन ठरले. येथे मोबदला वर्गावर अवलंबून असल्याने 'अ' वर्गातील सर्वोत्तम खेळाडू आणि त्याच वर्गातील शेवटचा खेळाडू यांना संघ सारखीच रक्कम देतो. साहजिकच स्पर्धा पैशाची न राहता क्रमाची होते. ज्याची पाळी आधी, त्याचा लाभ अधिक, असे प्रथमदर्शनी वाटते.

यातूनच पुढचा प्रश्न उद्भवतो. नंतरच्या दोन पाळ्या देऊन एक वरची पाळी घेणे हिताचे आहे काय? उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये असा विनिमय सर्रास होतो. एखाद्या स्पर्धेचे नियम त्यास मुभा देवोत वा न देवोत, एका असामान्य खेळाडूसाठी दोन चांगल्यांचा त्याग करावा काय, हा त्यामागील विचार कोणत्याही संघबांधणीत टळत नाही.

या विषयावरील सर्वांत परिचित अभ्यास केड मॅसी व रिचर्ड थेलर यांचा आहे. (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार फुटबॉल संघ वरच्या क्रमासाठी त्याच्या खऱ्या मूल्यापेक्षा फार अधिक मोजतात. एकाच स्थानावर खेळणाऱ्या दोन लागोपाठ निवडलेल्या खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचे प्रमाण केवळ ५२ टक्के आढळले. नाणे उडविले तरी ५० टक्के हाती लागतेच! आपल्या पारखीवरील अवाजवी विश्वास हे त्याचे प्रमुख कारण लेखकद्वयाने सांगितले आहे. आइस हॉकीत १९९२ मध्ये फिलाडेल्फिया संघाने एरिक लिंड्रॉस या एका तरुणासाठी क्यूबेक संघाला अनेक खेळाडू, ड्राफ्टमधील पाळ्या व दीड कोटी डॉलर दिले. हा केवळ क्रमाचा विनिमय नव्हता, तथापि तर्क तोच होता. लिंड्रॉस थोर खेळाडू ठरले, पण फिलाडेल्फियाला त्यांच्या काळात अजिंक्यपद लाभले नाही. बदल्यात मिळालेल्या पीटर फोर्सबर्ग यांच्यासह क्यूबेकचा संघ कोलोरॅडोत स्थलांतरित होऊन १९९६ मध्ये विजेता झाला.

महाराष्ट्रातही एक बोलके उदाहरण आहे. १५ डिसेंबर २०१५ रोजी आयपीएलमधील पुणे व राजकोट या दोन नव्या संघांसाठी ड्राफ्ट झाला. पहिली पाळी पुण्याची होती. पुण्याने महेंद्रसिंग धोनी यांना, तर राजकोटने सुरेश रैना यांना घेतले. २०१६ च्या साखळीत राजकोटचा गुजरात लायन्स संघ अग्रस्थानी राहिला आणि पुणे आठांत सातवे आले. पुढील वर्षी पुणे अंतिम फेरीत पोहोचले, त्या वेळी कर्णधार होते स्टीव्ह स्मिथ, म्हणजे त्याच ड्राफ्टमधील पुण्याची चौथी निवड. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य केले तरी पहिल्या पाळीभोवतीचे वलय थोडे फिके होते.

परंतु क्रिकेट वा फुटबॉलचे गणित खो-खोस जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. खो-खोची दोन अंगे परस्परविरोधी तत्त्वांवर चालतात. आक्रमणात धावणाऱ्यास मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. बसलेल्यांपैकी प्रत्येकाने योग्य क्षणी उठून दिशा पकडावी लागते. एकाचा 'खो' अर्ध्या क्षणाने चुकला तरी सगळी साखळी तुटते. सबब आक्रमणाची ताकद सर्वांत कच्च्या दुव्याएवढी असते. अशा संघाने एका नामवंत आक्रमकासाठी दोन मध्यम खेळाडू सोडणे म्हणजे दोन दुवे कच्चे ठेवणे होय. लीगमध्ये कोणत्याही दिशेने धावू शकणारा 'वझीर' आल्याने हे बंधन काहीसे सैल झाले आहे. नाहीसे मात्र झालेले नाही.

संरक्षणाची गोष्ट उलट आहे. तिघांची तुकडी मैदानात उतरते व तिचा कालावधी सर्वांत शेवटी बाद होणाऱ्यावर ठरतो. सात मिनिटांच्या डावात एखादा गडी अडीच मिनिटे टिकला, तर तृतीयांशाहून अधिक वेळ त्याने एकट्याने खाल्ला. येथे सरासरीपेक्षा सर्वोच्च कामगिरीला मोल आहे. ठरावीक काळ टिकणाऱ्या तुकडीस गुण देण्याच्या लीगमधील नियमाने ते वाढलेच आहे. म्हणून वरची पाळी विकत घ्यायचीच असेल, तर ती दीर्घकाळ पळणाऱ्या संरक्षकासाठी घ्यावी, आणि तीही त्याच्यानंतरच्या संरक्षकात व त्याच्यात ठळक दरी असेल तरच. दरी नसेल तर थांबून दोन गडी मिळविणे श्रेयस्कर. ४ सप्टेंबर २०२२ चा अंतिम सामना ओडिशाने तेलुगू संघाविरुद्ध ४६-४५ असा जिंकला, तो सूरज लांडे यांनी अखेरच्या क्षणांत सूर मारून मिळविलेल्या तीन गुणांवर. तो सूर एकाचा होता, पण त्याला तिथवर नेणारे 'खो' इतरांचे होते.

दरी ओळखायची कशी, हा खरा अडसर आहे. जिल्हा व राज्य स्पर्धांच्या वृत्तांतांत संरक्षणाची मिनिटे व बाद केलेले गडी यांची नोंद असते. कोणाविरुद्ध, कितव्या तुकडीत, मातीवर की मॅटवर, हे क्वचितच असते. 'खो' वेळेवर देणाऱ्याची तर नोंदच होत नाही. त्यामुळे गवगवा झालेला खेळाडू वरच्या वर्गात जातो आणि साखळी जोडणारा 'क' वर्गात दीड लाखावर राहतो. महाविद्यालयीन क्रीडा विभागांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून ही नोंद ठेवली, तर ग्रामीण खेळाडूचा वर्ग ठरविताना ऐकीव कीर्तीऐवजी पुरावा हाती राहील. जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी एका नावाजलेल्या खेळाडूमागे धावणाऱ्या महाविद्यालयांपुढेही याहून वेगळा प्रश्न नसतो.

या साऱ्या विवेचनात एक उणीव राहते व ती धाराशिवला विशेष जाणवावी. २०२२ व २०२३-२४ या लीगच्या दोन्ही हंगामांतील संघ पुरुषांचे होते. ज्या जिल्ह्याने भारतीय महिला संघाला कर्णधार दिली, तेथील मुलींना त्या दोन्ही ड्राफ्टमध्ये वरची वा खालची कोणतीच पाळी नव्हती.