काचबिंदू : डोळ्यातील पाणी काय सांगते ?



मोतीबिंदू सर्वांना ठाऊक आहे. काचबिंदू मात्र बहुधा उशिरा कळतो, आणि त्यात गेलेली नजर पुन्हा येत नाही. म्हणून त्याविषयी थोडे लिहीत आहोत.

डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी असते. हे अश्रू नव्हेत. ते जेमतेम पाव मिलिलिटर असते, आतच तयार होते आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जाते. दीड-दोन तासांत सगळे पाणी बदलते. चारीत गाळ साचला की पाणी तुंबते ना ? तसेच येथे होते. दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. काहींची नस तर दाब बेताचा असूनही सुकते.

कारखान्यात आपण रस तपासतो, तसे शास्त्रज्ञांनी शस्त्रक्रियेच्या वेळी थेंबभर पाणी काढून तपासले. प्रत्येक जातीत फरक आढळला.

१) न दुखता, सावकाश वाढणारा : पुष्कळ रोग्यांच्या पाण्यात टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन वाढलेले असते. त्याने जाळी ताठ होते.

२) एकाएकी येणारा : डोळा लाल होतो, ठणकतो, उलटी होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पाण्यात प्रथिने व दाहाची द्रव्ये वाढतात. येथे त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

३) मधुमेह फार बळावल्यावर येणारा : पडद्याला रक्त कमी पडते, व्हीईजीएफ हे द्रव्य वाढते. नको तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटून पाण्याची वाट बुजते.

म्हणजे नाव एक, पण रोग वेगवेगळे. म्हणून शेजाऱ्याचे थेंब आपल्या डोळ्यात घालू नयेत. उसाचे पाते लागून डोळा लाल झाला, की दुकानातून मनानेच थेंब आणण्याची सवय आपल्याकडे आहे. त्यात स्टिरॉइड असले तर काहींचा दाब त्यानेच वाढतो.

चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा मधुमेह असेल, तर डोळ्याचा दाब व नस तपासून घ्यावी. यासाठी पाणी काढावे लागत नाही. जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे. फार लांब जायला नको. एकदा थेंब सुरू झाले, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

गळीत हंगाम संपला की सवड मिळते. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना, आणि बाईमाणसांनाही, बरोबर घेऊन जा, ही विनंती.