पेशीतल्या सुगरणीचा शोध

जेरुसलेममधल्या एका लहानशा घरात पाच वर्षांची एक मुलगी टेबल-खुर्च्या एकावर एक रचून चढत होती. बाल्कनीचे छत किती उंच आहे, हे तिला मोजायचे होते. छताला हात लागण्याआधीच तोल गेला, ती खाली पडली आणि हात मोडून घेतला. मोजमाप राहूनच गेले. पण चौकसपणा काही मोडला नाही. हीच मुलगी, आडा योनाथ, २००९ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराची मानकरी ठरली.

योनाथबाईंचा जन्म १९३९चा. घरची परिस्थिती बेताची. चार खोल्यांच्या जागेत आणखी दोन कुटुंबे. ती अकरा वर्षांची असताना आजारी वडील गेले. आईला हातभार लावण्यासाठी मुलीने शिकवण्या घेतल्या, साफसफाईची कामे केली. पण शिक्षण सोडले नाही.

त्यांनी आयुष्य ज्याच्यामागे घालवले, ते रायबोसोम म्हणजे काय? आजीची पाककृतींची जुनी वही आपण कपाटात जपून ठेवतो आणि हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवून स्वयंपाकघरात नेतो. पेशीतही तसेच चालते. डीएनए ही ती वही. चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. दुसऱ्या प्रकारचा आरएनए अमिनो आम्लांचे सामान आणून देतो. चिठ्ठी वाचून, सामान क्रमाने जोडून प्रथिन तयार करणारी सुगरण म्हणजे रायबोसोम! आपले स्नायू, केस, रक्तातले हिमोग्लोबिन, सारे तिच्याच हातचे.

ही सुगरण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तिची नेमकी रचना कळायची तर असंख्य रायबोसोम एका शिस्तीत बसवून स्फटिक बनवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे, हाच मार्ग होता. पण रायबोसोम अवाढव्य, लवचिक आणि चटकन बिघडणारा. त्याचा स्फटिक होणे शक्य नाही, असेच बहुतेक जाणकारांचे मत होते.

अशातच योनाथबाईंना सायकलवरून पडून डोक्याला मार बसला. सक्तीच्या विश्रांतीत वाचन सुरू झाले. हिवाळाभर झोपणाऱ्या अस्वलांच्या पेशींत रायबोसोम ओळीने रचले जातात, असे त्यांच्या वाचनात आले. निसर्ग रायबोसोम नीट रचून टिकवू शकतो, मग आपल्याला का जमू नये? त्यांनी गरम पाण्याच्या झऱ्यात, मृत समुद्राच्या खारट पाण्यात तग धरणारे चिवट सूक्ष्मजीव निवडले. १९८० साली पहिले स्फटिक हाती आले.

तरी टिंगल थांबली नाही. क्ष-किरणांच्या माऱ्याने स्फटिक खराब होत. मग ते उणे १८५ अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून पाहण्याची युक्ती निघाली. प्रयोगावर प्रयोग, अपयशावर अपयश. संपूर्ण चित्र दिसायला २००० साल उजाडले. तोवर इतर प्रयोगशाळाही शर्यतीत उतरल्या होत्या. त्यांतल्या दोघांबरोबर योनाथबाईंना नोबेल विभागून मिळाले : अमेरिकेचे थॉमस स्टाइट्झ आणि चिदंबरमला जन्मलेले, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन.

या चित्रांनी एक नवल उघड केले. रायबोसोममध्ये आरएनए आणि प्रथिने दोन्ही असतात. पण अमिनो आम्ले सांधण्याचे मुख्य काम आरएनएच करतो!

याचा आपल्याशी संबंध काय? एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन ही औषधे जंतूंच्या रायबोसोममध्ये जाऊन अडकतात. प्रथिने बनणे थांबते आणि जंतूंची वाढ खुंटते. माणसाचा रायबोसोम थोडा वेगळा असल्याने तो बचावतो. मात्र जंतूही हुशार! ते आपल्या रायबोसोममध्ये बारीकसा बदल करतात आणि औषधाला दाद देईनासे होतात. म्हणूनच अशी औषधे मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. औषध नेमके कुठे अडकते, हे आता कळल्यामुळे नवी औषधे शोधणाऱ्यांच्या हाती नकाशा आला आहे.

बाल्कनीचे छत मोजायचे त्या दिवशी राहून गेले. पण वीस वर्षांच्या चिकाटीने योनाथबाईंनी जे मोजले, त्याचा उपयोग घरोघरच्या रुग्णांना होणार आहे.