गुंठाभर चिखल, साडेतीनशे किलो मीठ

एका गुंठ्यावर फक्त १० सेंटिमीटर समुद्राचं पाणी चढलं, तर त्यात मीठ किती असेल? समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गुंठ्यावरचं पाणी भरतं १० हजार लिटर, म्हणजे मीठ झालं साडेतीनशे किलो! हेक्टरी हिशेब ३५ टनांवर जातो. भाताच्या मुळाशी लिटरमागे दोनेक ग्रॅम क्षार साठले तरी उतारा घटू लागतो. खाडीकाठचं मारांडीचं झुडूप मात्र अशा खारटाणात निळंजांभळं फुलतं.

हे खारं पाणी आणणारी भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे वर्षाला सुमारे ७०५ वेळा. मारांडी बहुधा खाडीच्या आतल्या अंगाला, काठाकाठाने वाढते. पावसाळ्यात तिथलं पाणी गोडावतं. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा ओघ आटतो, उधाणाचं पाणी चिखलात सुकतं आणि क्षार मागे राहतात. मारांडीच्या पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथी हे मीठ बाहेर टाकतात. कोरड्या हवेत पानांवर त्याचे पांढरे कण दिसतात. पानांच्या कडांना धारदार काटे असतात, आणि लवलेल्या फांद्या चिखलाला टेकल्या की पेरापेराला मुळं धरतात. म्हणून मारांडीची जाळी इतकी घट्ट होते.

अडुळसा, कोरांटी आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी ही मारांडीचीच भाऊबंद. या कुळात सुमारे ४,००० जाती आहेत. त्यांतल्या भरतीच्या चिखलात उतरलेल्या मोजक्याच. मारांडी आणि तिवर त्यांतल्या. मारांडी भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे. मुंबई ते डार्विन हे सरळ रेषेतलं अंतरच ७ हजार किलोमीटरांहून जास्त आहे!

तिचं बोंड जेमतेम अडीच सेंटिमीटरांचं, आत बहुधा चार बिया. वाळलं की ते तडकतं आणि बिया दोन मीटरांपर्यंत उडवतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या ८० पट. माणसाने त्याच प्रमाणात चेंडू फेकायचा, तर तो सव्वाशे मीटरांपलीकडे पडायला हवा.

मारांडी आणि तिवर वाढतात ते कांदळवन भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर होतं. त्या सगळ्यावर १० सेंटिमीटर समुद्राचं पाणी पसरलं, तर त्यात ११ लाख टनांहून अधिक मीठ असेल. एवढा भार सोसणाऱ्या झाडांना काटेरी रान म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. कांदळवनाची नासधूस हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा खाडीकाठी राडारोडा पडताना दिसला, तर गप्प बसू नका. वन विभागाच्या कांदळवन कक्षाला लगेच कळवा.