ज्येष्ठमधाची काडी आणि किडनीतला पहारेकरी

लिंबायतमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू परवा रिपोर्ट घेऊन आल्या. बीपी वाढलेलं, पोटॅशियम कमी. मी लॅबमध्ये काम करते, म्हणून विचारलं, "काकू, नवीन काही सुरू केलंय का?"

पदराच्या गाठीतून ज्येष्ठमधाची काडी निघाली. घशासाठी दोन महिने दिवसभर चघळत होत्या!

या काडीचा बीपीशी संबंध असा: आपल्या किडनीत 11-बीटा-एचएसडी-2 नावाचं एन्झाइम असतं. ते कॉर्टिसोल या हार्मोनचं निष्क्रिय कॉर्टिसोन करतं.

ते कशासाठी? किडनीला मीठ धरून ठेवायला सांगणं हे अल्डोस्टेरॉनचं काम. पण त्याच्या रिसेप्टरवर कॉर्टिसोलही बसू शकतं, आणि रक्तात ते कितीतरी पट जास्त असतं. हे एन्झाइम त्याला दारातच अडवतं.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे हा पहारेकरीच थंडावतो. मग मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोकेही बिघडतात.

वारेतही हेच एन्झाइम बाळाला आईच्या कॉर्टिसोलपासून जपतं. म्हणून गरोदरपणात, तसंच बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर ज्येष्ठमध डॉक्टरांना विचारूनच घ्या. काढ्यात कधीतरी चिमूटभर घालणं वेगळं, रोज चघळणं वेगळं.

काडी दाखवायला सांगूनच काकूंना डॉक्टरांकडे पाठवलं. तुमच्या घरी कोणी रोज घेतं का? काही शंका असतील तर नक्की विचारा.