सबंध तबकडी ऐकणारे



जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत हसनाबाद नांवाचें गांव आहे. तेथें माझे थोरले बंधु राहतात. गेल्या दिवाळींत त्यांच्याकडे गेलों असतां एके दिवशीं संध्याकाळीं देवळांत हरिपाठ चालला होता आणि माडीवरच्या खोलींत माझा पुतण्या आपल्या दोघां मित्रांसह दार लावून बसला होता. आंतून येणारा आवाज ऐकून बंधु मला म्हणाले, "तूं शहरांत राहतोस. हा गोंगाट तुला कळत असेल, तर मला समजावून सांग; कळत नसेल, तर वर जाऊन त्यांना समजाव." मी दुसऱ्या कामगिरीवर वर गेलों आणि पहिली पत्करून खालीं आलों. आजचें हें भाषण म्हणजे त्या रात्रीं बंधूंना जें सांगितलें त्याचाच विस्तार आहे.

खोलींत पाऊल टाकलें तेव्हां तिघेहि मुकाट्यानें ऐकत बसले होते. स्पीकर कपाटावर ठेवलेले होते, फोन उशीखालीं होते आणि एकाच्या मांडीवर उघडी वही होती. संगीत थांबलें आणि लगेच वादाला तोंड फुटलें. वादाचा विषय काय, तर पन्नास वर्षांपूर्वींच्या एका इंग्रजी जोडतबकडीची तिसरी बाजू! एकाच्या मतें ती सबंध बाजू वाया गेली होती. दुसऱ्याचें म्हणणें, ती नीट ऐकल्यावांचून चौथी कळणारच नाहीं. गवयानें विलंबितांत उगाच वेळ काढला, कीं ती पुढच्या द्रुताची तयारी होती, यावर मैफलीनंतर आमच्या वडिलांच्या पिढींतील मंडळी ज्या तावातावानें भांडत, तोच ताव मला येथें दिसला. घरांतील वडील माणसांना खालीं ऐकूं येतो तो केवळ आवाज. हा वाद त्यांच्या कानांवर कधींच पडत नाहीं, आणि त्यामुळें मुलें काय करीत आहेत याची त्यांना कल्पना येत नाहीं.

हें संगीत ऐकणारांच्या लेखीं मोजण्याचें माप गाणें हें नव्हे, तर सबंध तबकडी हें होय. हिला ते अल्बम म्हणतात. हें माप आलें कोठून? जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारें तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. तेवढ्या अवधींत राग उभा करण्याची करामत अब्दुल करीमखांसारख्या गवयांनीं केली. पण ती करामतच, मैफल नव्हे. १९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी बाजारांत आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें संगीत मावूं लागलें. पाश्चात्य अभिजात संगीताची त्यामुळें सोय झाली. परंतु लोकप्रिय गाणारांनीं पुष्कळ वर्षें या तबकडीचा उपयोग सुटीं गाणीं भरून ठेवण्याच्या डब्यासारखाच केला. १९६७ सालीं बीटल्स या चौघां इंग्रज तरुणांची 'सार्जंट पेपर' ही तबकडी निघाली. सगळीं गाणीं मिळून एकच कृति व्हावी ही कल्पना त्यांच्याहि आधीं कोणाकोणाच्या मनांत आली होती. पण ती घरोघरीं पोंचली ती या तबकडीमुळें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६९ च्या ऑक्टोबरांत, किंग क्रिम्सन या मंडळाची पहिली तबकडी आली. तींत अवघीं पांच गाणीं आहेत. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याची सुरवात पुष्कळ रसिक येथून धरतात. (या नांवाचा राजकारणांतील पुरोगामित्वाशीं कांहीं संबंध नाहीं.) दीर्घ रचना, मध्येंच बदलणारे ताल, अभिजात संगीतांतून आणि जॅझमधून घेतलेली बांधणी, हीं त्याचीं लक्षणें. या तबकडींत मेलोट्रॉन नांवाचें एक चमत्कारिक वाद्य वाजतें. दिसावयास तें पेटीसारखें. पण प्रत्येक पट्टीखालीं व्हायोलिनचा अगर बांसरीचा एकेक सूर मुद्रित केलेली चुंबकीय फीत असते. पट्टी दाबली कीं फीत धांवूं लागते आणि सुमारें आठ सेकंदांत संपते. म्हणून वाजविणारानें त्यापूर्वीं बोट उचलून सूर पुन्हां घेतला पाहिजे. शंभर व्हायोलिनें वाजत असल्याचा भास होत असतां मध्येंच त्या समूहानें श्वास घेतल्यासारखें जें वाटतें, त्याचें कारण ही आठ सेकंदांची मर्यादा. हें एकदां कळलें, कीं तें संगीत पूर्वींसारखें ऐकतां येत नाहीं. मुलांच्या वहींत असल्याच नोंदी होत्या.

पिंक फ्लॉइड या मंडळाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही १९७३ ची तबकडी पुष्कळांनीं निदान नांवानें ऐकली असेल. ती हृदयाच्या ठोक्यांनीं सुरू होते आणि ठोक्यांनींच संपते. पहिल्या बाजूच्या अखेरीस क्लेअर टॉरी या गायिकेचा एक आलाप आहे. त्यांत शब्द एकहि नाहीं. १९७३ च्या जानेवारींत एका रविवारीं तिला बोलावून तो गाऊन घेतला आणि तीस पौंड हातावर ठेवले. पुढें तीस वर्षांनीं तिनें दावा लावला. तो २००५ सालीं आपसांत मिटला आणि रचनाकारांत तिचें नांव आलें. आलाप ही रचना आहे कीं नुसतें गाणें, हा प्रश्न आपल्याकडच्या कोणाहि गवयाला विचारून पाहावा!

तबकडी उलटली कीं नाण्यांचा खणखणाट ऐकूं येतो. नाणीं, फाटणारा कागद, दुकानांतील गल्ल्याचें यंत्र अशा सात आवाजांच्या फितींचे तुकडे फूटपट्टीनें समान मोजून कापले आणि एकापुढें एक चिकटविले; त्यांतून सात मात्रांचें आवर्तन तयार झालें. आपल्या रूपकाच्याहि मात्रा सातच. मात्र खंड रूपकाप्रमाणें तीन-दोन-दोन असे पडत नाहींत. सॅक्सोफोनचें वादन या सात मात्रांतच होतें, पण गिटारची पाळी आली कीं चाल चार मात्रांवर येते आणि नंतर पुन्हां सातांवर जाते.

आतां त्या तिसऱ्या बाजूकडे वळतों. येस नांवाच्या मंडळाचा गायक जॉन अँडरसन १९७३ सालीं परमहंस योगानंदांचें आत्मचरित्र वाचीत होता. त्यांतील एका तळटिपेंत श्रुति, स्मृति, पुराणें आणि तंत्रें अशी शास्त्रांची चतुर्विध विभागणी सांगितली आहे. मूळ ग्रंथ नव्हे, तळटीप! तेवढ्यावरून त्यानें चार बाजूंची, प्रत्येक बाजूवर सुमारें वीस मिनिटांची एकेकच रचना असलेली, 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही जोडतबकडी उभी केली. तिच्यावरून रसिकांत आजतागायत दोन तट आहेत. खुद्द मंडळाचा पेटीवादक रिक वेकमन हाहि विरुद्ध पक्षाचा. मँचेस्टरच्या जलशांत आपल्याला फारसें काम नसल्यामुळें रंगमंचावर बसूनच आपण हिंदुस्थानी रस्सा खाल्ला, असें तो स्वतः रंगवून सांगत आला आहे. १९७४ सालीं तो मंडळ सोडून गेला. माझें मत विचाराल, तर पहिली आणि चौथी बाजू टिकाऊ आहे, दुसरी व तिसरी पसरट. श्रुतिस्मृतींचा त्यांत शोध घेऊं नये, निराशा होईल. पण एका तळटिपेच्या आधारानें ऐंशी मिनिटें चालून जाण्याची हिंमत मला त्या रस्सा खाणाऱ्याच्या थट्टेहून मोलाची वाटते.

दुसरा प्रकार हेवी मेटल. येथेंच वडील माणसें कानांवर हात ठेवतात, म्हणून याच्या जन्माची हकीकत जरा सविस्तर सांगतों. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरांत टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. तो डावखुरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच. कारखान्यांतील वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली. त्या वादकाचींहि दोन बोटें भाजून निकामी झालीं होतीं. तेव्हां आयोमीनें भांडीं घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर कातडें चिकटविलें, हलक्या तारा लावल्या आणि पुढें त्या तारा सैल करून सूरहि खालीं उतरविला. ज्या जड, खोल आवाजाला आपण गोंगाट म्हणतों, त्याचा कांहीं भाग तरी या जखमेंतून आलेला आहे.

त्याच्या ब्लॅक सॅबथ या मंडळाची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. पहिल्याच गाण्यांत तीन सुरांची एक ओळ पुन्हां पुन्हां येते. हिला रिफ म्हणतात. तबल्याबरोबर सारंगीवर धरलेला लेहरा आठवा, म्हणजे तिचें काम ध्यानांत येईल. ते तीन सूर आपल्या भाषेंत सांगावयाचे, तर सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. जुने पाश्चात्य शास्त्रकार या अंतराला संगीतांतला सैतान म्हणत. चर्चनें त्यावर बंदी घातली होती ही कथा रसिकांत फार लोकप्रिय आहे, पण तिला भरंवशाचा आधार नाहीं. आपल्याला तर तीव्र मध्यमाचें भय कधींच वाटलें नाहीं. यमन गाऊन आपण मुलांचें शिक्षण सुरू करतों. मग येथेंच अंगावर कांटा कां येतो? यमनांत त्या मध्यमाला पुढें पंचम मिळतो. येथें तो मिळत नाहीं. मध्यम तसाच उघडा, थरथरत ठेवलेला असतो. बंधूंना मीं हें पेटीवर वाजवून दाखविलें, तेव्हां ते प्रथमच "हं" म्हणाले.

महाराष्ट्राला हें सर्व परकें आहे असें मानण्याचें कारण नाहीं. क्वीन या मंडळाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला आणि १९५८ सालीं तेथेंच त्यानें मुलांचें पहिलें वाद्यमंडळ काढलें. मुंबईंत काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउस या दुकानांत तबकडी विकत घेण्यापूर्वीं ऐकून पाहतां येई. तें दुकान २०१६ सालीं बंद झालें. धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा जलसा भरत असे. पुढें शांतताक्षेत्राच्या नियमांमुळें तेथील कार्यक्रम थांबले. ज्यांना दुकानापर्यंत पोंचतां येत नसे ते कॅसेटवर नक्कल करून घेत. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर एक अल्बम सबंध मावे, दुसऱ्या बाजूवर दुसरा; गाणें वगळावयाचें, तर फीत पुढें पळविण्याचा खटाटोप करावा लागे. त्या आळसानें कित्येकांना पुरे ऐकण्याची संवय लावली! १ फेब्रुवारी २००८ रोजीं आयर्न मेडन या इंग्रज मंडळानें आपल्या जगभरच्या दौऱ्याचा आरंभ मुंबईंत केला. आणि २०१७ सालीं डेमॉनिक रेझरेक्शन या मुंबईच्याच मंडळानें 'दशावतार' नांवाची तबकडी काढली. तींत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचीं दहा गाणीं क्रमानें आहेत. तो क्रम मोडून ऐकली, तर तबकडीला कांहीं अर्थच उरत नाहीं.

आणि आतां क्रमच मोडूं लागला आहे. फोनवर संगीत पुरविणाऱ्या व्यवस्थेंत प्रत्येक गाणें सुटें असतें आणि यंत्र तीं हवीं तशीं पिसून देतें. २०२१ सालीं ॲडेल या गायिकेनें आग्रह धरला, तेव्हां स्पॉटिफाय या कंपनीनें अल्बमवरील पिसण्याचें बटण पुढून मागें नेलें. एवढें तरी झालें. पण समोर वाद घालावयास माणूसच नसेल, तर बटणाचें काय? त्या तिघांपैकीं एक मुलगा पुढच्या महिन्यांत नोकरीसाठीं पुण्यास जावयाचा होता. वही कोणाकडे राहणार, यावर त्यांचें अजून ठरलें नव्हतें.

रात्रीं जेवणापूर्वीं मीं बंधूंना वर नेलें. ते भजनी मंडळांत मृदंग वाजवितात. नाण्यांचें तें गाणें लागलें, तेव्हां त्यांनीं गुडघ्यावर हात धरला आणि तिसऱ्या आवर्तनापासून सात मात्रा बिनचूक मोजल्या. गिटार आली, चाल चारांवर उतरली आणि त्यांचा हात थांबला. "येथें सोडलें त्यांनीं," ते म्हणाले, "सातांत निभावलें नाहीं." पुतण्या म्हणाला, "नाहीं हो बाबा, मुद्दाम सोडलें आहे. सातांवर परत येतांना मजा यावी म्हणून." बंधु म्हणाले, "परत येण्याची मजा घ्यावयाची, तर समेवर यावें. ताल कशाला सोडावा?" खालून वहिनींनीं दोनदां हांक मारली. पानें वाढलीं होतीं. पण त्यांनीं तें गाणें पुन्हां पहिल्यापासून लावावयास सांगितलें.