पोटदुखीचे मूळ मोबाईलमध्ये

चौदा-पंधरा वर्षांचे मूल वारंवार पोटदुखीची तक्रार करते. भूक मंदावते, झोप उडते, शाळा नकोशी होते आणि तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी इतर कारणांबरोबर एक नवे कारणही लक्षात घ्यावे लागते. इंटरनेटवर ओळख झालेल्या कोणीतरी मुलाकडून नको तसे फोटो मिळवलेले असतात आणि ‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ अशी धमकी चालू असते. भीती आणि लाज यांमुळे मूल आतल्या आत कुढते. काही मुले जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत जातात.

‘फोटो एकदा बाहेर गेला की सगळे संपले’ असे पालकांना वाटते. पण तसे नाही.

मूल आपल्या तालुक्यातले असले तरी फोटो साठवलेला संगणक परदेशात असू शकतो. तिथे आपल्या पोलिसांचा हुकूम थेट चालत नाही. म्हणून निरनिराळ्या देशांतील तक्रार केंद्रांनी १९९९ साली ‘इनहोप’ ही संघटना स्थापन केली. आशियातील जपान, दक्षिण कोरिया, तैवान, थायलंड, कंबोडिया येथील केंद्रे तिच्याशी जोडलेली आहेत. तैवानचे केंद्र चालवणारी ‘एकपॅट’ ही चळवळ १९९० साली थायलंडमध्ये सुरू झाली. एका केंद्राकडे तक्रार आली की फोटो कोणत्या देशात साठवला आहे ते शोधले जाते आणि त्या देशातील केंद्राला कळवले जाते. ते केंद्र पोलिसांना आणि संबंधित कंपनीला सांगून मजकूर काढायला लावते.

भारतात मुंबईच्या ‘आरंभ इंडिया’ने ब्रिटनमधील ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’च्या मदतीने २०१६ साली असे तक्रार केंद्र सुरू केले.

२०२३ पासून अमेरिकेतील एका संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सोयही आहे. वय १८ पूर्ण होण्यापूर्वीच्या फोटोचा बोटाच्या ठशासारखा एक सांकेतिक आकडा तयार होतो. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त आकडा पुढे जातो. सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखून काढतात. सर्वच कंपन्या यात नाहीत, ही तिची मर्यादा.

पालकांनी काय करावे?

१. रागावू नये. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस’ हे पहिले वाक्य असावे.

२. पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते.

३. धमकीचे संदेश, खात्याचे नाव, फोन नंबर जपून ठेवावेत.

४. फोटो कोणालाही पुढे पाठवू नये, ‘सावध करण्यासाठी’सुद्धा नाही. मुलांचे असे फोटो पाठवणे हा गुन्हा आहे. ते जवळ बाळगणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

५. पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पैसे गेले असल्यास लगेच १९३० वर कळवावे.

मूल ‘जगावेसे वाटत नाही’ असे म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्रीही सल्ला मिळतो. तक्रार नंतर करता येईल, आधी मूल सांभाळावे.