पिंपल्स, साबण आणि पीएच

आमच्या विंगमध्ये पिंपल्सवर एकच उपाय चालतो : दिवसातून पाचदा साबणाने तोंड खसाखसा धुणे! मित्रांनो, साधी केमिस्ट्री बघा. त्वचेचा पीएच साधारण ५, अंगाच्या साबणाचा ९ ते १०. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर चेहऱ्यावरच राहतो. त्वचेचं कवच कमजोर होतं, आतलं पाणी उडतं, आग होते आणि पिंपल्स आणखी चिडतात.

मी सौम्य फेसवॉशने दोनदाच धुतो, टॉवेलने हलकेच टिपतो आणि लगेच 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, मॉइश्चरायझर लावतो. चेहरा तेलकट असला तरी त्याला पाणी लागतंच!

ऐकीव माहितीवर मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड क्रीम मात्र नकोच. तिच्यानेच पुरळ उठतं. दुखऱ्या गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पिंपल्स जातात हो, खड्डे राहतात!